गोळीबारात माणसं कुणाच्या मागे जातात?

एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "सैन्यात अधिकारी म्हणून माझी निवड झाली आहे, प्रशिक्षण लवकरच सुरू होईल. पण मला लहानपणापासून मोठ्या आवाजाने दचकायला होतं. दिवाळीत जवळ फटाका फुटला तरी अंग शहारतं. परमवीर चक्र मिळालेल्यांच्या गोष्टी वाचल्या की वाटतं, ही माणसं वेगळ्याच मातीची असतात. शौर्य जन्मजात असतं का? प्रत्यक्ष गोळीबारात मी घाबरलो, तर जवान माझ्या मागे येतील का? आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या सुभेदारांना मी हुकूम कसा देणार?"

मी पायदळात २४ वर्षं काढली. त्यातला बराच काळ नियंत्रण रेषेजवळच्या चौक्यांवर गेला आणि शेवटची काही वर्षं तुमच्यासारख्या नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून लिहितो.

दचकण्याचं आधी सांगतो, कारण तो विषय छोटा आहे. मोठ्या आवाजाला शरीर दचकतं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डोळ्यापाशी बोट आणलं की पापणी मिटते, तसंच ते. वीस वर्षं नोकरी झालेले हवालदारही दचकतात, मीही आजवर दचकतो. दचकल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत माणूस काय करतो एवढंच आम्ही पाहतो, आणि तो भाग शिकवता येतो.

तुम्ही लिहिलंय, "मी घाबरलो तर". त्यातला "तर" काढून टाका. तुम्ही घाबरणार आहात. पोटात गोळा येईल, तोंड कोरडं पडेल, नजर अरुंद होईल आणि समोरच्या एकाच जागेवर खिळेल. बाजूचा माणूस ओरडतोय हे काही वेळ ऐकूच येणार नाही. बोटं जाड झाल्यासारखी वाटतील, मॅगझिन, म्हणजे रायफलला लावायची गोळ्यांची पेटी, बदलायचं साधं कामही जमेनासं होईल. हे मी ज्या ज्या शूर माणसांबरोबर राहिलो त्या सगळ्यांना होत होतं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडतो: हे सगळं अंगात चालू असताना, तीस-पस्तीस माणसं तोंडाकडे बघत असताना, तुम्ही पुढचं काम कुठलं आणि कुणाला सांगणार?

यात परिस्थितीवर सोडावं लागतं असंही बरंच आहे. दोन रात्री झोप न झालेला अधिकारी आणि ताजा अधिकारी, एकच माणूस असला तरी वेगळा वागतो. पक्क्या बंकरमध्ये बसून तोफमारा सोसणं वेगळं आणि उघड्या उतारावर मशिनगनसमोर सापडणं वेगळं. जवान तुम्हाला आठ महिने ओळखतात की आठ दिवस, यानेही फार फरक पडतो. आणि पहिल्या गोळीबारात कोण कसा वागेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मैदानावर सगळ्यांत पुढे असलेला पोरगा थिजलेला मी पाहिलाय आणि परेडला हमखास चुकणारा स्वयंपाकी दारूगोळ्याच्या पेट्या खांद्यावर घेऊन तीन वेळा चढ चढलेलाही पाहिलाय.

माझ्या स्वतःच्या पहिल्या वेळेचं सांगतो. चौकीवर जाऊन मला महिनाही झाला नव्हता. रात्री समोरून उखळी तोफांचा मारा सुरू झाला. मी बंकरमध्ये होतो. प्रत्येक गोळ्याबरोबर छतातली माती मानेवर पडत होती. हातात टेलिफोनचा रिसीव्हर होता, पण कंपनीला काय सांगायचं ते आठवेना. शेजारी आमचे सुभेदार साहेब होते. ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "साहेब, किती पडले मोजले का?" मी मोजायला लागलो. सहा. सात. आठवा दूर गेला. मोजता मोजता लक्षात आलं की सगळे गोळे पाण्याच्या टाकीच्या बाजूला पडतायत, आपल्या मशिनगनच्या बाजूला एकही नाही. ते मी फोनवर सांगितलं. मग दोन्ही टोकांच्या मोर्च्यांना एकेक करून विचारलं, सगळे ठीक आहेत का. भीती तशीच होती, फक्त डोक्याला आणि तोंडाला काम मिळालं होतं.

गोळीबारात भीती घालवायच्या मागे लागू नका, तिच्या हातात काम द्या. मोजायचं काम, बघायचं काम. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात येते. म्हणून आधी कानाजवळ "तडाक" ऐकू येतं आणि मागाहून बंदुकीचा "ढप" असा आवाज. तडाक फसवतं, ढप जिथून येतो तिथे शत्रू असतो. दोन्हींमध्ये अर्धा सेकंद गेला तर तो साधारण तीनशे मीटरवर आहे. प्रशिक्षणात तुम्हाला हे सुरक्षित खड्ड्यात बसवून, डोक्यावरून गोळ्या मारून ऐकवतील. तेव्हा कंटाळा करू नका. ज्याला हा हिशेब येतो त्याच्यासाठी तो आवाज म्हणजे माहिती असते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी नुसतं संकट.

आता शूरवीरांच्या गोष्टींकडे येतो, कारण तुम्ही त्या वाचून खचलाय. मला वाटतं तुम्ही त्या शेवटून वाचताय. शेवटी पदक आहे, मृत्यू आहे, म्हणून सगळी गोष्ट अंगावर येते. मी नव्या अधिकाऱ्यांना सांगायचो, प्रशस्तिपत्र, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर, घड्याळ लावून वाचा. किती वाजता तो काय करत होता?

मेजर सोमनाथ शर्मा घ्या. ३ नोव्हेंबर १९४७, काश्मीरमधलं बडगाम, ४ कुमाऊँची (कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनची) कंपनी. त्यांचा डावा हात आधीपासून प्लास्टरमध्ये होता. शत्रू संख्येने कितीतरी जास्त आणि तीन बाजूंनी आलेला. आपली विमानं मदतीला आली तेव्हा त्यांना लक्ष्य कळावं म्हणून शर्मा उघड्यावर जाऊन जमिनीवर खुणेचे कापडी पट्टे पसरत होते. माणसं पडत गेली, मशिनगन चालवणाऱ्यांना मॅगझिन भरून द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते एका हाताने मॅगझिन भरून त्यांच्याकडे देऊ लागले. ते करत असतानाच उखळी तोफेचा गोळा जवळच्या दारूगोळ्यावर पडला आणि ते गेले. मॅगझिन भरणं हे शिपायाचं, मदतनिसाचं काम. पण त्या घटकेला कंपनीत सगळ्यांत जास्त अडलेलं काम तेच होतं आणि ते कंपनी कमांडरने उचललं. मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, तरी मॅगझिनपाशी आलं की माझा आवाज बदलतो.

दुसरं उदाहरण मी सगळ्यांत जास्त शिकवलं. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, बॉम्बे इंजिनिअर्स. गाव कारवारजवळचं चेंडिया. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचं होतं आणि रस्त्यावर जागोजागी सुरुंग, पाडलेली झाडं आणि उडवलेल्या मोऱ्या होत्या. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे पुढे जाणार नव्हते. ८ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास राणे आपल्या माणसांना घेऊन रणगाड्यांपाशी थांबले होते, काम सुरूही झालं नव्हतं, तोच उखळी मारा आला. दोन जण ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे.

इथे थांबा आणि विचार करा. तुकडीतले दोन गेलेत, तुम्हाला लागलंय आणि अजून पहिला सुरुंगही काढलेला नाही. राण्यांनी उरलेल्या माणसांची कामं पुन्हा वाटली आणि सुरुवात केली. त्या रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेसमोर आणि मशिनगनच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी बाजूने वाट काढण्याचं काम चाललं. ९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरू. दुपारी तीनला वाट तयार झाली, मग ताफ्याच्या पुढच्याच गाडीत बसून निघाले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी, ती सुरुंग लावून उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या पाइनचा अडथळा लागला, भोवती सुरुंग पेरलेले आणि वर मशिनगन रोखलेली. उजेड जात होता. राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवातही केली. तेव्हा ताफ्याच्या कमांडरने परिस्थिती पाहून ताफा रात्रीपुरता बाजूला सुरक्षित जागी थांबवला.

माझ्या मते सगळ्या प्रशस्तिपत्रातली ही सर्वांत शिकण्यासारखी जागा आहे. एक शूर माणूस अंधारात काम रेटायला तयार होता आणि त्याच्या वरच्या शहाण्या माणसाने त्याला सकाळपर्यंत राखून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला, पाठीशी रणगाड्यांची एक तुकडी घेऊन, राणे त्याच झाडांशी भिडले आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी भरलेले होते, तेही साडेदहापर्यंत साफ केले. रणगाडे दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागच्या गाड्यांसाठी रस्ता उघडत अन्न-विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत राबले आणि ११ तारखेला सकाळी सहाला परत कामावर. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत होतं. राण्यांना परमवीर चक्र मिळालं आणि त्यानंतर ते अनेक वर्षं जगले, १९९४ पर्यंत.

आता तुमच्या "जन्मजात" या शब्दाकडे बघा. राण्यांना अधिकारी होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, कमिशन १५ डिसेंबर १९४७ चं. पण सैन्यात ते १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले होते आणि ब्रह्मदेशातली लढाई त्यांनी पाहिली होती. सुरुंग हातात घेऊन आठ वर्षं झालेली होती. स्वभावात काही असेल, ते मी नाकारत नाही. पण हाताला जे काम झोपेतही येतं ते भीतीतही येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून शस्त्र अंधारात खोलून जोडण्याचा सराव लोक जितका सांगतात त्याच्या दुप्पट करा.

आता माणसं मागे येतील का. इथे नव्या अधिकाऱ्यांची एक गैरसमजूत असते की नेतृत्व म्हणजे सगळ्यांत पुढे धावणं. मीही तसंच समजायचो. एकदा गस्तीवर असताना नाल्यात डावीकडून गोळीबार झाला. मी पुढच्या सेक्शनबरोबर, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीबरोबर, होतो. आडवा झालो, रायफल खांद्याला लावली आणि स्वतः मारत सुटलो. दोन मॅगझिनं संपली. वायरलेसवाला जवान माझ्या पायावर थापट्या मारत होता ते मला कळलंच नाही. मागचे दोन्ही सेक्शन हुकूम मागत होते. मागच्या सेक्शनला वरच्या अंगाने वळवलं असतं तर समोरच्यांची परतीची वाट बंद झाली असती. मी भानावर आलो तोवर चारेक मिनिटं गेली होती आणि ते निसटले होते. आमच्यातलं कुणी जखमी झालं नाही, हे नशीब. नंतर एक नाईक म्हणाला, "साहेब, आम्ही वाट बघत होतो." त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक प्रश्न घालून घेतला: मी आत्ता जे करतोय ते दुसरं कुणी करू शकतं का? गोळी झाडणं पस्तीस जणांना येतं. अख्खं चित्र बघून सेक्शन हलवणं त्या घटकेला फक्त माझं काम आहे. उत्तर "दुसरा करू शकतो" असेल तर बंदूक खाली. उत्तर "आता दुसरा कुणीच नाही" असेल तर मात्र मागेपुढे बघायचं नाही.

दोन्ही उत्तरांची उदाहरणं आपल्याकडे आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत जरपालला मेजर होशियार सिंग, ३ ग्रेनेडियर्स, गंभीर जखमी असतानाही खंदकाखंदकातून फिरत जवानांना धीर देत होते. स्वतः बंदूक धरण्यापेक्षा फिरणं हेच त्यांचं काम होतं. पण एक गोळा मीडियम मशिनगनपाशी पडून ती चालवणारे जखमी झाले, तेव्हा ते धावले आणि ती गन स्वतः चालवली, कारण ती बंद पडणं परवडणारं नव्हतं. युद्धविरामापर्यंत ते मागे गेले नाहीत. आणि त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगेंचं अख्खं सेक्शन जवळून आलेल्या मशिनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झालं. नेतृत्व करायला माणूसच उरला नाही. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले, ग्रेनेडने ती बंद पाडली, टॉमी गनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा मॅगझिन बदलायलाही वेळ नव्हता, म्हणून गन उलटी धरून उरलेल्या दोघांना तिनेच झोडपलं. ते तिथेच शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने पडले. होशियार सिंगांनी घाडगेंसारखं आधीच एकट्याने धावणं चूक ठरलं असतं आणि घाडगेंनी थांबून हुकूम द्यायला समोर कुणी नव्हतं.

इथवर एवढंच हातात घ्या: भीतीला काम द्यायचं, हाताला सराव द्यायचा आणि आपली जागा कुठे हे दर मिनिटाला तपासायचं. आता अधिकारपदाविषयी.

माणसं खांद्यावरच्या हुद्द्याच्या चिन्हांमागे जातात असं नाही. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोपे होते, म्हणजे हुद्दा काहीच नाही. नदी ओलांडताना त्यांच्या बाजूची जवळजवळ सगळी माणसं पडली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या. आणि शेवटी काठावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हाताने बोलावलं. त्या शेवटच्या कृतीकडे लक्ष द्या. मागच्यांना धुरात, गोंधळात कळत नव्हतं की काठ मोकळा झालाय की नाही. उभा असलेला एक माणूस दिसला आणि त्यांना पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते समजलं. थिजलेल्या माणसांना भाषण लागत नाही. कुठे जायचं ते दिसावं लागतं आणि आपल्या नावाने हाक यावी लागते.

नावाने हाक, हे मी मुद्दाम सांगतोय. "फायर करा" असं ओरडलात तर थिजलेला जवान समजतो की दुसऱ्याला सांगितलंय. "पांडुरंग, उजवीकडचा मोठा दगड, त्याच्या डाव्या कडेला, मार" असं म्हटलं की तो हलतो. म्हणून प्लाटून, म्हणजे तुमची तीस-पस्तीस जणांची तुकडी, हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करा आणि अंधारात आवाजावरून, चालण्यावरून ओळखायला शिका. वायरलेसवर बोलण्याआधी एक श्वास पूर्ण बाहेर सोडा, मगच बटण दाबा. चढलेल्या आवाजातला हुकूम निम्मा ऐकू येतो आणि त्यातली घबराट मात्र पुरती पोचते.

गोळीबार थांबल्यावर तुमचं काम संपत नाही, खरं तर सर्वांत नाजूक वेळ तीच. सगळे सैल पडतात, पाणी प्यायला उभे राहतात, आणि तेव्हाच दुसरा हल्ला येतो. आधी माणसं मोजा, मग दारूगोळा, मग पाणी, मग जखमींची रवानगी. स्वतःचं पाणी शेवटी. आणि कुणी गेलं असेल तर त्याच्या घरी पत्र तुम्ही स्वतः लिहायचं, कारकुनाकडून नाही. मला अशी दोन पत्रं लिहावी लागली. त्याबद्दल इथे जास्त लिहवत नाही.

शेवटी तुमच्या सुभेदारांचं. त्यांना हुकूम कसा द्यायचा, हा प्रश्न गोळीबाराच्या दिवशी सोडवायचा नसतो. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जा आणि विचारा: प्लाटूनमध्ये रात्री कुणाला नीट दिसत नाही, कुणाला पाण्याची धास्ती आहे, कुणाच्या घरी आजारपण चाललंय, कुठले दोघे एका खंदकात ठेवायचे नाहीत. हे कुठल्याही पुस्तकात नसतं, त्यांच्याजवळ असतं. शांततेत जितकं विचारता येईल तितकं विचारा. गोळीबारात मात्र निर्णय तुमचा. त्यांनाही तो हवा असतो, कारण दोन तोंडांनी हुकूम निघाला तर माणसं मरतात. तुमचा हुकूम चुकतोय असं वाटलं तर चांगला सुभेदार चार शब्दांत कानाशी सांगतो. ते चार शब्द ऐकण्याइतका वेळ नेहमी असतो.

त्या पहिल्या रात्रीनंतर बऱ्याच महिन्यांनी मी आमच्या सुभेदार साहेबांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः गोळे मोजत होता ना, मग मला कशाला विचारलंत? ते म्हणाले, "साहेब, मोजायला तर बाजूचा पोरगाही होता. पण तुमचा आवाज येत नव्हता, आणि मोर्च्यातली पोरं मला विचारत होती, साहेब कुठे आहेत."